नावाने हाक मारली, ओ कोण देणार?
(जावातलं रिफ्लेक्शन आणि आमच्या मेसचं बिल)

आधीच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्यातले चार तास आणि पेपरात पास होण्यापुरता अभ्यास. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या, आणि हा अंक माझ्या आजीच्या हाती लागू देऊ नका!

संपादक मंडळाने "टेक्निकल लेख दे" म्हटलं तेव्हा मी इंग्रजी विभागातच लिहिणार होते. पण मग आमच्या मेसच्या मावशींनी तो वाचला नसता. या लेखातली चूक माझी आहे आणि ती पकडली मावशींनी. म्हणून त्यांना वाचता येईल अशा भाषेत लिहायचं ठरवलं. मधले काही परिच्छेद मावशींनी सोडून दिले तरी चालतील. टी.ई. कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र सोडू नयेत, ओरलला उपयोगी पडतील.

विषय आहे जावातलं रिफ्लेक्शन. म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना जो क्लास अस्तित्वातच नव्हता, तो प्रोग्रॅम चालू असताना नावाने शोधून आणायचा आणि त्याची मेथड चालवायची.

मेसचं बिल

आमच्या हॉस्टेलची मेस मुलींची कमिटी चालवते. महिनाअखेरीला प्रत्येकीचं बिल काढायचं असतं. बहुतेकींचं सरळ असतं: महिन्याचे दिवस गुणिले रोजचा दर. दर ११० रुपये, म्हणजे ३१ दिवसांचे ३४१० रुपये. पण काहींचे खाडे असतात. एफ.ई.च्या ज्या मुली पहिल्यांदाच घराबाहेर पडल्यात त्यांच्यासाठी सांगते: खाडा म्हणजे मेसमध्ये न जेवल्याचा दिवस. आमच्याकडे सलग चार किंवा जास्त दिवस घरी जाणार असाल आणि जायच्या आधी मावशींच्या वहीत नोंद केली असेल, तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. शिवाय काही मुलींना कमिटीच्या फंडातून सवलत मिळते, कुणाला अर्धी तर कुणाला पाव.

आधी मेस सेक्रेटरी हे सगळं कॅल्क्युलेटर घेऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत करायची. मी कॉम्प्युटरची, म्हणून छाती पुढे काढून म्हटलं, "मी प्रोग्रॅम लिहून देते."

आता अडचण अशी की कमिटी दर वर्षी बदलते आणि नवी कमिटी आली की नियमही बदलतात. दर वेळी माझा मुख्य प्रोग्रॅम उघडून त्यात एक नवा 'इफ' घालायचा, तर मी पास होऊन गेल्यावर ते करणार कोण? म्हणून मी ठरवलं की 'बिल' नावाचा एक सुपरक्लास असेल आणि प्रत्येक नियमासाठी त्याचा एक सबक्लास: 'साधंबिल', 'खाडाबिल', 'सवलतबिल'. नवा नियम आला की नवा सबक्लास कंपाइल करून फोल्डरमध्ये टाकायचा आणि टेक्स्ट फाइलमध्ये त्याचं नाव लिहायचं, बस. मुख्य प्रोग्रॅमला हात लावायचा नाही. आयडिया चांगली होती, आजही मला ती चांगलीच वाटते.

(क्लासची नावं मराठीत कशी, असं विचाराल. जावाला आयडेंटिफायर देवनागरीत चालतात, कारण ती भाषा पहिल्यापासून युनिकोडवर उभी आहे. इतकंच काय, इंटिजर.पार्सइंटला देवनागरी आकडे दिले तरी ते बरोबर वाचतं. करून बघा! जावाचे स्वतःचे शब्द अर्थातच रोमन लिपीतच टाइप करायचे. इथे ते मी आपण लॅबमध्ये मोठ्याने वाचतो तसे लिहिलेत.)

हाक मारायच्या पायऱ्या

समजा फाइलमधून प्रोग्रॅमला "मेस.खाडाबिल" ही अक्षरं मिळाली. अक्षरांवरून ऑब्जेक्टपर्यंत कसं जायचं?

पहिली पायरी, क्लास शोधणे:

क = क्लास.फॉरनेम("मेस.खाडाबिल")

नाव पॅकेजसकट पूर्ण द्यायचं. नुसतं "खाडाबिल" दिलंत तर क्लास-नॉट-फाउंड-एक्सेप्शन येतं, मग फाइल डोळ्यांसमोर असली तरी काय उपयोग? हॉस्टेलच्या गेटवर वॉचमन काकांना नुसतं नाव सांगून भागत नाही, विंग आणि रूम नंबरही सांगावा लागतो, तसंच.

ही ओळ तुम्ही पाहिलेली आहे. जेडीबीसीच्या प्रॅक्टिकलमध्ये ड्रायव्हर लोड करायला हीच ओळ आपण सीनियरच्या जर्नलमधून उतरवतो. ती का लिहायची हे कुणी विचारत नाही. क्लास लोड झाला की त्याचा स्टॅटिक ब्लॉक चालतो आणि त्यात ड्रायव्हर स्वतःची नोंद ड्रायव्हर-मॅनेजरकडे करतो, म्हणून ती ओळ. २००६ मध्ये आलेल्या जावा ६ पासून, जेडीबीसी ४ पाळणारा ड्रायव्हर क्लासपाथवर असेल तर तिची गरजच उरलेली नाही. तरी जर्नलमधून ती जात नाही!

दुसरी पायरी, ऑब्जेक्ट बनवणे:

बिल ब = क.ॲझसबक्लास(बिल.क्लास).गेटडिक्लेअर्डकन्स्ट्रक्टर().न्यूइन्स्टन्स()

यात 'ॲझसबक्लास' फार कामाचं आहे. सापडलेला क्लास खरोखर 'बिल'चा सबक्लास आहे का, हे ते तिथेच तपासतं. नसेल तर क्लास-कास्ट-एक्सेप्शन देऊन लगेच थांबतं. चुकीचा माणूस दारातच अडवलेला बरा, जेवणाच्या ताटापर्यंत आल्यावर कशाला? जुन्या पुस्तकांत क्लासवरच थेट न्यूइन्स्टन्स चालवलेलं दिसतं. २०१७ च्या जावा ९ पासून ते वापरू नका असं अधिकृतपणे सांगितलंय. कारण असं की कन्स्ट्रक्टरमध्ये जे एक्सेप्शन आलं ते त्या जुन्या मार्गाने कंपायलरला न विचारता तसंच बाहेर पडायचं.

क्लास ॲबस्ट्रॅक्ट असेल तर इथे इन्स्टॅन्शिएशन-एक्सेप्शन येतं. बिनपॅरामीटरचा कन्स्ट्रक्टर नसेल तर नो-सच-मेथड-एक्सेप्शन येतं.

तिसरी पायरी म्हणजे मेथड चालवणे. गोंधळ इथे होतो आणि माझाही इथेच झाला. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता: मेथड सुपरक्लासमध्ये जाहीर केलेली आहे. उदाहरणार्थ 'बिल'मध्ये 'एकूण' ही मेथड आहे आणि 'खाडाबिल'ने ती ओव्हरराइड केलीय. मग सरळ ब.एकूण() म्हणा. संपलं! व्हेरिएबल 'बिल' प्रकारचं असलं तरी चालते ती 'खाडाबिल'चीच 'एकूण'. हे एस.ई.ला शिकलेलं पॉलिमॉर्फिझम आहे. क्लास नावाने लोड केलाय की साध्या 'न्यू'ने बनवलाय, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. अनेकांना वाटतं की क्लास रिफ्लेक्शनने आणला म्हणजे मेथडही रिफ्लेक्शननेच चालवायला हवी. तसं काही नाही.

दुसरा रस्ता: मेथड फक्त सबक्लासमध्ये आहे आणि सुपरक्लासला तिचा पत्ताच नाही. ब.खाडेवजा(११) लिहिलं तर कंपायलर नाही म्हणतो, कारण 'बिल'मध्ये 'खाडेवजा' नाही. मग नावाने शोधायची:

म = ब.गेटक्लास().गेटमेथड("खाडेवजा", इंट.क्लास)
म.इन्व्होक(ब, ११)

इथे ब.गेटक्लास() हवं. बिल.क्लास लिहिलंत तर शोध सुपरक्लासमध्ये होईल आणि हाती काही लागणार नाही. ब.गेटक्लास() मात्र ऑब्जेक्टचा खरा क्लास देतं, व्हेरिएबलचा प्रकार काहीही असो.

मी हा दुसरा रस्ता धरला. सबमिशनचे दिवस होते, रात्रीचा एक वाजला होता आणि रिफ्लेक्शन नवीन शिकले होते. नवीन सायकल मिळाली की पोरगं किराणा आणायलाही सायकलनेच जातं ना, तसं.

माझी चूक

मी एक हुशार (!) मदतनीस मेथड लिहिली, नाव 'हाकमार'. तिला ऑब्जेक्ट, मेथडचं नाव आणि किंमत द्यायची. किमतीचा प्रकार कोणता हे ती स्वतःच ओळखायची, किमतीवर गेटक्लास() चालवून. मग तोच प्रकार गेटमेथडला द्यायचा. टेक्स्ट फाइलमध्ये "सवलतबिल, सवलतलाव, अर्धी" किंवा "खाडाबिल, खाडेवजा, ११" अशा ओळी. किंमत आकडा असेल तर तिचा पूर्णांक करायचा, नसेल तर स्ट्रिंगच ठेवायची.

टेस्टिंगला सवलतीची ओळ घेतली. 'अर्धी' ही स्ट्रिंग, 'सवलतलाव' मेथड स्ट्रिंग घेते, मेथड सापडली, बिल निम्मं झालं. टाळ्या! खाड्याची ओळ मी टेस्ट केली नाही. एक चालली म्हणजे दुसरीही चालणारच, असं गृहीत धरलं.

पण ११ हा आकडा 'हाकमार'मध्ये ऑब्जेक्ट म्हणून शिरताना इंटिजर या डब्यात बंद होतो. त्याच्यावर गेटक्लास() चालवलं की उत्तर येतं इंटिजर.क्लास. माझी 'खाडेवजा' मेथड मात्र घेते साधा इंट. आणि गेटमेथडला प्रकार तंतोतंत जुळावा लागतो. इंट वेगळा, इंटिजर वेगळा. इन्व्होक करताना जावा डबा आपोआप उघडतं, त्यामुळे इन्व्होकला इंटिजर दिलेलं चालतं. शोधताना मात्र असली कोणतीही सवलत नाही. थोडक्यात, शोधताना कडक आणि चालवताना सैल. हा फरक मला माहीतच नव्हता.

हाच नियम क्लासेसनाही लागू आहे. मेथड ऑब्जेक्ट घेत असेल आणि तुम्ही गेटमेथडला स्ट्रिंग.क्लास दिलंत, तर मेथड सापडत नाही. आपण रोजचा कोड लिहितो तेव्हा जवळची मेथड कोणती हे कंपायलर ठरवतो. रिफ्लेक्शनमध्ये कंपायलर आपल्या सोबत नसतो. तो कधीच घरी जाऊन झोपलेला असतो.

तर खाड्याच्या प्रत्येक ओळीला नो-सच-मेथड-एक्सेप्शन आलं. मग मला ते दिसलं कसं नाही? कारण 'हाकमार'मधला कॅच ब्लॉक रिकामा होता. आत फक्त एक कॉमेंट: "नंतर बघू".

परिणाम काय झाला ते बघा. 'खाडेवजा' चाललीच नाही, त्यामुळे ऑब्जेक्टमधले खाडे शून्यच राहिले. मग ब.एकूण() चालली, अगदी व्यवस्थित, आणि तिने पूर्ण महिन्याचं बिल दिलं. प्रोग्रॅम क्रॅश झाला असता तर बरं झालं असतं! तो शांतपणे, सुबक टेबलमध्ये, चुकीचं बिल छापत राहिला. जानेवारीची यादी नोटीस बोर्डावर लागली. मी खाली लिहिलं होतं, "कॉम्प्युटराइज्ड बिल". केवढा अभिमान!

मावशींची वही

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मावशींनी मला पोळ्यांच्या काउंटरवर थांबवलं. म्हणाल्या, "अगं, त्या वरच्या विंगच्या पोरीचे अकरा खाडे मी माझ्या हातानं लिहिलेत. तिनं पूर्ण पैसे कसे भरले?"

मी म्हटलं, "मावशी, वहीत काहीतरी चुकलं असेल. प्रोग्रॅम बरोबर आहे."

हे वाक्य आजही आठवलं की मला लाज वाटते.

मावशींनी वही आणून समोर ठेवली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. तारखा, नावं, मुलींच्या सह्या, सगळं स्वच्छ. ती मुलगी एफ.ई.ची. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. जानेवारीत तिच्या वडिलांचं ऑपरेशन होतं म्हणून ती अकरा दिवस गावी होती. तिचं बिल २२०० रुपये व्हायला हवं होतं. मी लावलं होतं ३४१०. वरचे १२१० रुपये तिने रूममेटकडून उसने घेतले होते आणि ते फेडायचे म्हणून संध्याकाळचा चहा-नाश्ता बंद केला होता.

मी तिच्या रूमवर गेले. विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "ताई, मला वाटलं होतं जास्त आलंय. पण कॉम्प्युटरने काढलंय म्हणजे बरोबरच असेल ना."

मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आपण चार वर्षं जे शिकतो त्याच्यावर ही मुलगी स्वतःच्या हिशोबापेक्षा जास्त विश्वास ठेवते. आणि मी कॅच ब्लॉकमध्ये "नंतर बघू" लिहून झोपले होते.

त्या रात्री मी आणि सेक्रेटरी वही घेऊन बसलो. जानेवारीत एकूण नऊ जणींचे खाडे होते, ६४ दिवस. म्हणजे ७०४० रुपये जास्त घेतले गेले होते. बाकीच्या आठ जणींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बहुतेकींचे पैसे घरून परस्पर भरले जातात. दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "नोटीस तू लाव, तुझ्या सहीने." लावली. पैसे आठवड्याभरात परत दिले.

मग दुरुस्त काय केलं?

पहिला मोह असा झाला की 'हाकमार'मध्ये इंटिजरऐवजी इंट द्यायची सोय करावी. पाच मिनिटांचं काम. पण मग उद्या कुणी 'खाडेवजा'चं स्पेलिंग चुकवेल, परवा कुणी दशांशातली किंमत देईल आणि पुन्हा तेच होईल. मुळातला प्रश्न वेगळाच होता: ही मेथड मला नावाने शोधावी का लागतेय?

कारण मी सुपरक्लास नीट विचार करून लिहिलाच नव्हता. प्रत्येक सबक्लासची वेगळी मेथड, वेगळं नाव. 'बिल'ला काहीच माहीत नाही, म्हणून सगळं नावाने हुडकत बसायचं.

आता 'बिल'मध्ये एकच ॲबस्ट्रॅक्ट मेथड आहे: एकूण(नोंद). 'नोंद' म्हणजे त्या मुलीचा महिन्याचा हिशोब: दिवस, दर, खाडे, सवलत, सगळं एकत्र. त्यातलं काय वापरायचं ते ज्या त्या सबक्लासने ठरवावं. मेथड ॲबस्ट्रॅक्ट असल्यामुळे ती लिहायला विसरलात तर तुमचा सबक्लास कंपाइलच होणार नाही. प्रकार चुकला तरी नाही. म्हणजे झोपलेल्या कंपायलरला मी पुन्हा कामावर बोलावलं. इन्व्होक आणि 'हाकमार' दोन्ही पुसून टाकले. रिफ्लेक्शन उरलं फक्त पहिल्या दोन पायऱ्यांपुरतं: नावावरून क्लास आणि क्लासवरून ऑब्जेक्ट. पुढचं सगळं साधं जावा.

मोठे लोकही असंच करतात

ही युक्ती माझी नाही हे नंतर कळलं. १९९५ मध्ये जावा आलं तेव्हा त्याचं आकर्षण होतं ॲपलेट. ब्राउझरला तुमचा ॲपलेट आधी माहीत नसायचा. पानात क्लासचं नाव असायचं, ब्राउझर तो क्लास आणायचा आणि इनिट, स्टार्ट, पेंट या मेथड चालवायचा. या सगळ्या सुपरक्लासकडून आधीच ठरलेल्या! (ॲपलेट हे जावा ९ पासून बाद ठरवलंय, पण कल्पना समजायला छान आहे.) सर्व्हलेटचंही तेच. टॉमकॅट तुमचा क्लास नावावरून लोड करतो, पण त्याच्याशी बोलतो ते सर्व्हिस या ठरलेल्या मेथडमार्फत. तिथून डू-गेट, डू-पोस्टला काम जातं.

यात गंमत बघा. नावाने क्लास लोड करायची सोय १९९६ च्या पहिल्या जावातच होती. मेथड नावाने शोधून चालवायची सोय मात्र १९९७ च्या जावा १.१ मध्ये आली. म्हणजे ॲपलेटचं काम इन्व्होक नसतानाही चालत होतं. जावा ६ मध्ये तर सर्व्हिस-लोडर नावाची तयार वस्तूच आली: फाइलमध्ये सबक्लासची नावं लिहा, ती ऑब्जेक्ट बनवून सुपरक्लासच्या रूपात तुमच्या हातात देते. मी जे घरी बनवलं ते बाजारात तयार मिळत होतं!

मग इन्व्होक लागतं कुठे? जिथे सुपरक्लास ठरवणं शक्यच नाही तिथे. जेयुनिटच्या जुन्या आवृत्त्या 'टेस्ट'ने सुरू होणाऱ्या मेथड रिफ्लेक्शनने शोधायच्या आणि एकेक चालवायच्या. २००६ च्या जेयुनिट ४ पासून नावाऐवजी ॲनोटेशन बघितलं जातं. तुमच्या टेस्टची नावं काय असतील हे ते बनवणाऱ्यांना कसं कळणार? तिथे दुसरा रस्ताच योग्य.

ओरलसाठी आणि रात्री एक वाजता अडकलेल्यांसाठी

या निमित्ताने मी आणखी बऱ्याच खड्ड्यांत पडले. त्यांची यादी देते, म्हणजे तुम्ही पडणार नाही.

१. गेटमेथड फक्त पब्लिक मेथड शोधतं, पण वारशाने आलेल्याही देतं. गेटडिक्लेअर्डमेथड प्रायव्हेटही देतं, पण फक्त त्याच क्लासमध्ये लिहिलेल्या. सुपरक्लासमधली मेथड गेटडिक्लेअर्डमेथडने शोधत बसलात तर रात्र जाईल.

२. सुपरक्लासवरून मिळवलेली मेथड सबक्लासच्या ऑब्जेक्टवर इन्व्होक केली, तर चालते ती सबक्लासची ओव्हरराइड केलेली. इन्व्होकही पॉलिमॉर्फिझम पाळतं. हा प्रश्न ओरलला हमखास चकवतो.

३. बोलावलेल्या मेथडच्या आत एक्सेप्शन आलं तर ते तुमच्यापर्यंत थेट येत नाही. इन्व्होकेशन-टार्गेट-एक्सेप्शन नावाच्या पाकिटात येतं. पाकिटावरचा पत्ता वाचून रडू नका, गेटकॉज() म्हणून आतलं पत्र वाचा.

४. स्टॅटिक मेथड असेल तर इन्व्होकचा पहिला पॅरामीटर नल दिला तरी चालतो. साध्या मेथडला नल दिलात तर नल-पॉइंटर-एक्सेप्शन.

५. "खाडाबिलचं बिलमध्ये कास्टिंग होत नाही" असा एरर आला, आणि तो सबक्लास आहे हे तर समोर दिसतंय! हा माझा सगळ्यात वाईट दिवस. फोल्डरमधून लोड करायला मी यूआरएल-क्लासलोडर वापरला, त्याचा पेरेंट नल ठेवला आणि फोल्डरमध्ये 'बिल'ची कॉपीही टाकली. त्यामुळे 'बिल' दोनदा लोड झाला, दोन वेगळ्या लोडरकडून. जेव्हीएमच्या दृष्टीने क्लासची ओळख म्हणजे नाव अधिक लोडर. हजेरीत एकाच नाव-आडनावाच्या दोघी असतात पण रोल नंबर वेगळे, तसं. उपाय सोपा: पेरेंट म्हणून मुख्य प्रोग्रॅमचा लोडर द्या आणि सुपरक्लासची कॉपी फोल्डरमध्ये टाकू नका.

६. सेटॲक्सेसिबल वापरून प्रायव्हेट मेथड उघडता येते. पण ते दुसरीच्या कपाटाचं कुलूप काढण्यासारखं आहे. जावाच्या स्वतःच्या आतल्या क्लासेसच्या बाबतीत हे २०२१ पासून, म्हणजे जावा १६ आणि १७ पासून, मुळातच बंद केलंय. जुन्या प्रोजेक्टचा कोड नव्या जावावर अचानक अडला तर आधी हे तपासा.

७. रिफ्लेक्शन हळू चालतं म्हणून टाळा, असं सगळे सांगतात. आमच्या हॉस्टेलच्या बिलांना तो फरक जाणवतही नाही. वेग गेला तर कॉफी पिता येते, कंपायलरची तपासणी गेली तर कुणाचे तरी १२१० रुपये जातात. टाळायचं खरं कारण हे आहे.

८. कॅच ब्लॉक रिकामा ठेवायचा नाही. कधीही नाही. काही सुचत नसेल तर निदान प्रोग्रॅम थांबवा आणि काय बिनसलं ते छापा.

शेवटी

प्रोग्रॅम अजून चालू आहे. पण आता एक नियम केलाय. महिनाअखेरीला मी यादी छापते, मावशी त्यांची वही उघडतात आणि आम्ही दोघी खाड्यांची बेरीज जुळवतो. जुळल्याशिवाय यादी बोर्डावर लागत नाही. पहिल्या महिन्यात मावशी म्हणाल्या, "आता कॉम्प्युटर बरोबर आहे तर माझी वही कशाला?" मी म्हटलं, "मावशी, तुमच्या वहीमुळेच तो बरोबर आहे."

यादीखाली "कॉम्प्युटराइज्ड बिल" असं आता लिहीत नाही. लिहिते: "बिल जास्त वाटलं तर जरूर विचारा", आणि खाली माझा रूम नंबर. गेल्या महिन्यात पहिली विचारायला आली ती तीच, वरच्या विंगची. तिचं बिल बरोबर होतं. तरी आम्ही दोघींनी ते कागदावर मांडून पुन्हा एकदा केलं, आणि मग मेसमध्ये जाऊन चहा घेतला. बरोबर नाश्ताही.